जोडीच्या ताई

आमच्या हिला एका जागी बसता येत नाही. जेवतानाही मध्येच दोनदा उठते. शिलाई मशीनवर तेवढी टिकते, कारण तिथे पाय चालू असतो. आणि अशा बाईनं नाद कसला लावून घ्यावा, तर बुद्धिबळाचा! तासन् तास खिळून बसायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते या चौसष्ट घरांनी करून दाखवलं, असं मी चारचौघांत म्हणतो. ती ऐकून घेते आणि मग माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण महिनाभर लावत नाही.

नाद लागला तो पोरामुळे. पोरगा आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बुद्धिबळाच्या क्लबात घातला. क्लब म्हणजे एक लांबट खोली, बारा टेबलं आणि गणित शिकवून निवृत्त झालेले एक सर. ही पोराला सोडायची आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसायची. बसायची कसली, खिडकीशी उभी राहायची. पोरगा तीन वर्षांत कंटाळला, म्हणाला, मला फुटबॉल खेळायचाय. आज तो दुसऱ्या गावी नोकरीला आहे आणि वजीर कुठे ठेवतात तेही विसरलाय. हिचं मात्र क्लबात जाणं काही सुटलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. स्पर्धेत आकडा विषम झाला की दर फेरीला एकजण उरतो. त्याला न खेळता एक गुण देतात, त्याला म्हणतात पुढे चाल. ऐकायला बरं वाटतं. पण बापाच्या मागे लागून, फी भरून आलेलं पोर दीड तास भिंतीकडे बघत बसतं, ते बघवत नाही. म्हणून सरांनी तोडगा काढला होता. आकडा विषम झाला की जोडीला कुणीतरी बसवायचं, सम झाला की त्याला उठवायचं. जोडीला बसणाऱ्याला बक्षीस नाही, क्रमांक नाही, शेवटच्या यादीत नावही नाही.

एका रविवारी तेवीस पोरं आली. सरांनी खिडकीकडे बघून विचारलं, "ताई, सोंगट्या कशा चालतात ते माहीत आहे का?" ही बसली. हरली, पण बसली. तेव्हापासून अकरा वर्षं ही क्लबातल्या झाडून सगळ्या पोरांची जोडीची ताई.

अकरा वर्षांचे रविवार माझे कसे गेले ते मला विचारा. शनिवारी संध्याकाळपासून हिच्या जिवाची घालमेल सुरू. गिऱ्हाइकांच्या पोरांचे गणवेश शिवता शिवता नजर फोनवर. सकाळी सहाला आंघोळ करून तयार, पिशवीत खेळ्या लिहायला पेन, चष्मा, डबा. आठ वाजता सरांचा फोन आला, "ताई, आज विषम आहेत," की ही जिन्यावरून अशी उतरायची की शेजारी विचारायचे, काही आजारपण वगैरे आहे का? आणि फोन नाही आला, तर मात्र खैर नसायची. चांगली घातलेली शिवण उसवून पुन्हा घालायची. मी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, जळक्या वायरच्या वासात आठवडा काढतो, मला रविवारी जरा शांतता हवी की नको? पण घरात मशीनची नुसती धडधड.

फोन आला तरी सुख नाहीच. दुसऱ्या फेरीला एखादं उशिरा आलेलं पोर टपकायचं, आकडा सम व्हायचा, आणि सर हिच्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "ताई, चहा घ्या आता." म्हणजे उठा. सर माणूस चांगला, आवाज तर लोण्यासारखा. पण चहा घ्या म्हणजे उठा, हे खोलीतल्या सहा वर्षांच्या पोरालाही कळायचं. ही हसून उठायची. सरांचा चहा ती कधीच प्यायली नाही, हे मला फार उशिरा कळलं. अकरा वर्षांत तिला एकही स्पर्धा पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत पुरी खेळायला मिळाली नाही.

"गरज सरो, वैद्य मरो!" मी म्हणायचो. "अगं, वर्षातून एकदा मोठ्यांचीही स्पर्धा असते ना? फी भर आणि सरळ आपलं नाव घाल."

"आणि मग आकडा विषम झाला तर? जोडीला कोण बसणार?"

"कुणीही बसेल. नाहीतर कुणी बसणार नाही. तुला काय त्याचं?"

यावर मशीनवरचा तिचा पाय तेवढा जोरात चालायचा.

अकराव्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेला पंचेचाळीस जण आले. लहान-मोठे सगळे, दोन दिवस, सहा फेऱ्या. जोडीला अर्थात आमची ही. शनिवारी तीन फेऱ्या झाल्या, कुणी उशिरा आलं नाही, कुणी गेलं नाही. दोन डाव जिंकली, एक कॉलेजच्या पोराशी बरोबरीत सुटला. संध्याकाळी घरी आली ती जेवलीच नाही. खोलीतून खोलीत फेऱ्या. मी म्हटलं, "बस की जरा," तर म्हणाली, "उद्या कुणी आलं तर हो?" मला वाटलं हिला जिंकायचंय. जिंकण्याची तिला फिकीरच नव्हती. तिला उद्या संध्याकाळपर्यंत त्या खुर्चीवर राहायचं होतं, एवढंच.

रविवारी ती चष्माच विसरून गेली. फोनवर म्हणाली, "अहो, तेवढा आणून द्या, पाया पडते." मी स्कूटर काढली, शिव्या घालत गेलो, आणि चष्मा देऊन परत यायचं सोडून तिथेच अडकलो. बाहेरच्या बाकावर आईबापांची ही चुळबुळ! कुणी नखं खातंय, कुणी दाराच्या फटीला डोळा लावलाय. एक बाप तर जिना उतरून पुन्हा चढत होता. मी मनात म्हटलं, वेड्यांचा बाजार आहे. आणि पाच मिनिटांत माझाही डोळा फटीला.

चौथी फेरी जिंकली. पाचवीही जिंकली! साडेचार गुण. तेवढेच गुण बँकेतल्या एका कारकुनाचे, तीन वर्षं ओळीनं तोच पहिला येतोय. शेवटची फेरी या दोघांची, पहिल्या टेबलावर. माझी छाती अशी फुगली की मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ती आमची."

आणि तेवढ्यात एक विद्यार्थी पिशवी उचलून निघाला. त्याची शेवटची बस होती. सरांनी कागदावर आकडा लिहिला, खोडला, चष्मा पुसला. पंचेचाळीसातला एक गेला, चव्वेचाळीस राहिले. आकडा सम झाला.

सर पहिल्या टेबलाशी आले. "ताई, चहा घ्या आता."

ही उठली नाही. पेन दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाली, "सर, आज नाही उठणार."

सरांनी हातातली यादी पुन्हा पाहिली. "ताई, अहो, नियम तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बसलात तर एकजण उरतो."

"अकरा वर्षं उठतेय सर. आज एकदा खेळू द्या."

खरं सांगतो, मला भयंकर लाज वाटली. हिची. चारचौघांत बायकोनं हट्ट धरलाय आणि लोक बघताहेत. मी आत गेलो, वाकून म्हटलं, "अगं चल, कशाला तमाशा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, जणू हेच मी बोलणार हे तिला ठाऊक होतं.

उरणारी होती नऊ वर्षांची एक मुलगी. यादीत सगळ्यात खाली, पाचही डाव हरलेली. सरांनी तिला जवळ घेऊन समजावलं, "बाळ, तुला पुढे चाल. न खेळता एक गुण. चांगलं ना?"

"मला फुकटचा गुण नको," मुलगी म्हणाली. "मला खेळायचंय."

हिनं ते ऐकलं. तिनं पेनाचं टोपण लावलं. मग चष्म्याची डबी उघडली. मी तिचा नवरा आहे, मला कळलं, ही उठतेय. अकरा वर्षं जशी उठली तशीच आजही, आणि घरी जाऊन कुठलीतरी चांगली शिवण उसवत बसेल. आपल्याला काय बोलायचंय हे ठरायच्या आधीच तोंड उघडलं.

"सर, मी बसतो जोडीला."

खोलीत हशा पिकला. सर म्हणाले, "तुम्हाला येतं?"

"घोडा अडीच घरं, हत्ती सरळ, उंट तिरका. अकरा वर्षं जेवताना हेच ऐकतोय. त्यावर बसवणार असाल तर बसवा."

सरांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्या मुलीकडे. मग यादीत खाली माझं नाव लिहिलं. आकडा पुन्हा सम. हिनं मान वर केली नाही, फक्त पेनाचं टोपण काढलं.

माझं टेबल तेविसावं, अगदी दाराशी. पहिलं टेबल खिडकीशी. मधे सगळी डोकीच डोकी. मुलीनं गंभीरपणे हात पुढे केला, मी मिळवला, डाव सुरू झाला. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती, टेबल सपाट होतं. मला मोटर उघडली की आधी बोट लावून बघायची सवय. तसं वजिराला बोट लावलं, आणि मुलगी हळूच म्हणाली, "काका, हात लावला की तेच हलवायचं." हलवला. तिनं तो खाल्ला. खेळी करून घड्याळ दाबायचं मी विसरायचो, ती बोटानं दाखवायची.

पण माझं लक्ष होतं कुठे? पहिल्या टेबलाभोवती माणसं जमत होती. एकजण मान हलवतो, दुसरा भुवया उडवतो, अर्थ काय कुणास ठाऊक. मी खुर्चीत अर्धा उठून बघायचो, काही दिसायचं नाही, आणि इकडे माझं घड्याळ चालू. एकदा वाटलं, राजा आडवा करावा, हरलो म्हणावं आणि पळत जावं. आता माझ्याकडे राहिलंच होतं काय? पण समोरची पोरगी जीभ बाहेर काढून विचार करत होती. पाच डाव हरलेली. तिला हा डाव शेवटपर्यंत खेळायचा होता. मी कुठल्या तोंडानं मधेच उठणार?

तेव्हा मला माझी लाज वाटली, हिची नाही. अकरा वर्षं हिनं हेच केलं होतं. कुणाच्या तरी पोराचा डाव पुरा व्हावा म्हणून बसली, आणि स्वतःचा पुरा व्हायच्या आत उठली. आणि मी घरी बसून मशीनच्या आवाजाला शिव्या घालत होतो.

मुलीकडे एक वजीर, एक हत्ती. माझा राजा एकटा, सैरावैरा. ती शह द्यायची, मी पळायचो. तिला मात कशी करायची ते नेमकं येत नव्हतं आणि मला हरायचं कसं ते येत नव्हतं. एवढ्यात पहिल्या टेबलाभोवतीची माणसं पांगायला लागली. डाव संपला होता. काय झालं? मी एकाच्या तोंडाकडे बघतो, तो पाणी प्यायला निघून जातो. विचारायची सोय नाही, चालू डावात बोलायचं नाही.

ही आली. माझ्या टेबलाशी उभी राहिली, हात मागे बांधून. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, पटाकडे बघत होती. बोटं मागे वळवळत असणार, ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. ती बोलू शकत नव्हती, मी विचारू शकत नव्हतो. असा एवढा लांब वेळ मी आयुष्यात काढला नाही. शेवटी मुलीनं हत्ती एक ओळ पुढे सरकवला. पुन्हा सगळा पट पाहिला. आणि श्वास रोखून म्हणाली, "मात?"

सरांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली. मुलीनं दोन्ही मुठी आवळल्या. मी निकालाच्या चिठ्ठीवर सही केली, तिनं आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं. मग मी वळलो.

"काय झालं?"

"हरले," ही म्हणाली. डोळे नुसते चमकत होते. "साठ खेळ्या झाल्या, मग हरले. पण माझी मी उठले."

माझे डोळे भरले, लपवायला रुमालही सापडेना. ते त्या पोरीनं पाहिलं. तिला वाटलं, काका डाव हरले म्हणून रडताहेत. टेबलावरून हात लांब करून तिनं माझ्या मनगटावर थोपटलं.

"काका, रडू नका," ती म्हणाली. "मी तर पाच हरलेय."