शिंगांचा रंग

मामानं जालन्याहून दोन रोबो आणले. उघडले की माणूस, दुमडले की ट्रक. साचा एकच, पण धाकट्या भावाचा लाल-निळा आणि माझा पिवळा, वर जांभळे हात! असला ट्रक मी शहागडच्या हायवेवर कधी पाहिला नव्हता. तो पिवळा माझ्या डोळ्यांत खुपायचा, कशात जीव लागू द्यायचा नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या ऑइलपेंटनं मी तो भावाच्यासारखाच लाल-निळा केला. वडील म्हणाले, "जल्दी करू नको, उद्यापर्यंत वाळू दे." मला दम कुठला! घंटाभरातच दुमडून ट्रक केला. सांधे चिकटले ते चिकटलेच.

सकाळी गपचूप भावाचा रोबो उचलला आणि माझा त्याच्या जागी ठेवला. भाऊ तो दिवसभर नखांनी उघडत बसला. माझं बैलांच्या मिरवणुकीतही लक्ष नव्हतं. संध्याकाळी त्याच्या नखाखालून पिवळा रंग निघाला. आता हा बोंबलणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते.

"ताई, हा तर तुझा हाय," तो म्हणाला. "थांब, उघडून देतो." आणि पुन्हा खरवडायला लागला.