उपरण्याखालचे पाच गुण

काष्टीच्या बाजारातला तो म्हशींचा दलाल दुधाआधी वैरण विचारी. दुष्काळाचं साल होतं. "कडब्यावरचं चार शेर दूध हिरव्या चाऱ्यावरल्या सहा शेराला भारी हाय," म्हणे.

माझा मेडिकलचा प्रवेश तीन गुणांनी हुकला होता. म्हैस बघता बघता वडिलांनी ते रडगाणं त्याच्यापुढं गायलं. त्यानं मलाच विचारलं, "मार्क देनारा कसा हुता?"

"आमच्या प्रॅक्टिकलला लई कडक. शेजारच्या सेंटरला सढळ."

त्यानं माझा हात उपरण्याखाली ओढला आणि म्हशीचा भाव करताना दाबतात तशी पाचही बोटं दाबली.

"हे पाच वाढवून धर. तूच भारी हाय!"

प्रवेशाची यादी काही बदलली नाही. वडिलांनी मात्र निकालाच्या दिवशी न घेतलेले पेढे परतताना घेतले.