वास येऊन राह्यला

करोनातून आम्ही नवराबायको दोघंही बरे झालो, पण माझा वास गेला तो गेलाच. ही बातमी नेरच्या बस स्टँडपासून भाजीबाजारापर्यंत एकालाही ऐकवायची मी सोडली नाही. जिभेला खारट, तिखट, आंबट कळायचं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं. कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला जेवणाशिवाय असतं काय? रोज ताटावर बसून मी कुरकुर करायचो. बायको ऐकून घ्यायची.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, नाकात आत वरच्या बाजूला वास टिपणाऱ्या पेशी असतात, त्या दुखावल्यात. नव्या येतात, पण त्यांना शिकवावं लागतं. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरीचं तेल, सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. झालं, आमची नाकाची शाळा भरू लागली. आठ महिने मास्तर हजर, विद्यार्थी गैरहजर. आता हे असंच राहणार, या विचाराने मी खरोखर घाबरलो होतो.

एका रविवारी बोरी अरबहून लेकीचे सासू-सासरे जेवायला आले. व्याह्यांपुढे शब्द जपून वापरायचा असतो. बायकोने डाळभाजी वाढली, मी घास तोंडाजवळ नेला आणि नाकात काहीतरी शिरलं. खरंखुरं. मी ताटावरून उठून उभाच राहिलो.

"वास येऊन राह्यला," मी म्हणालो. "डाळभाजीचा वास येऊन राह्यला."

आमच्याकडे अन्नाला वास येतो म्हणजे ते बिघडलं, याचा मला आनंदाच्या भरात विसर पडला. विहीणबाईंचा हात वाटीवरच थांबला. व्याही घाईने म्हणाले, "नाही नाही जी, चांगली झाली. थोडीशी लागली असन बुडाला."

लागली होतीच. चांगली काळी. बिचाऱ्यांनी मुकाट्याने अर्धी वाटी संपवली होती. मी मात्र वाटीत नाक खुपसून हसत होतो. दोनदा मागून घेतली, व्याह्यांना खरकट्या हाताने मिठी मारली. इतकं सुंदर करपलेलं मी जन्मात खाल्लं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर डोकं जरा जागेवर आलं. अंगणात असली तरी वासावरून ओळखून दूध उतू जायच्या आत धावत येणारी ही बाई. गॅससमोर उभी असताना तिची डाळभाजी जळली कशी?

"तुले समजलं नाही?" मी विचारलं.

"मले कुठं वास येते?" डाळभाजीचा गंज, म्हणजे पातेलं, घासायला घेत ती म्हणाली. "तुमच्या संगंच गेला."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमचंच सांगून होत नव्हतं."

आठ महिने ती नुसत्या डोळ्यांनी, अंदाजाने रांधत होती आणि वर माझी कुरकुर ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र हसू फुटलं, मग मलाही. हसता हसता तिने तो काळा गंज माझ्या नाकापुढे धरला.

"सांगा ना, कसा येते?"

जन्मभर बडबड केलेला माणूस मी. पुष्कळ शोधलं.

"करपल्यासारखा," एवढंच मला सांगता आलं.