आम्रपालीच्या पीसीतली जागा

चाकणच्या त्या कारखान्यात आम्रपाली कुठं बसते असं विचारलं, तर कुणीही सांगे, "फायलींच्या ढिगामागं बघा, तिथंच असतील मॅडम." गाड्यांचे सुटे भाग तिथं बनत आणि प्रत्येक मालाच्या तपासणीचे रिपोर्ट पीसीवर चढवायचं काम तिच्याकडं. बी.कॉम. झालेली, दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत वाढलेली, सासरही तिथलंच. तिचं बोलणं कमी, चुका त्याहून कमी. कंपनीत लागली ती तात्पुरती म्हणून, आणि इतकी वर्षं झाली तरी मालक ज्योतीराम साहेब पाहुण्यांना तिची ओळख "आमच्या नव्या मॅडम" अशीच करून देत.

तिचा नवरा नागसेन फिटर होता. काविळीचं निमित्त होऊन गेला तेव्हा त्यांची मुलगी मैत्री तीन वर्षांची होती. त्याचा फोन मधेच बंद पडायला लागला, म्हणून आम्रपालीनं एका दुपारी त्यातलं होतं नव्हतं ते ऑफिसच्या पीसीवर उतरवून घेतलं. घरी पीसी नव्हता, तिच्या स्वतःच्या फोनमध्ये जागा नव्हती. असं कारखान्यात सगळेच करत. कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या मुलाचं बारसं, सगळं ऑफिसच्या मशीनवर. घरापेक्षा कंपनी पक्की, असं प्रत्येकाला वाटायचं.

त्यात एक व्हिडिओ होता. नागसेन फरशीवर मिक्सर उघडून बसलाय आणि मैत्रीला म्हणतोय, "मैत्री मॅडम, पाना द्या. हा नव्हे हो, तो बारका. तुमचं लक्ष कुठंय ड्युटीवर?" पोरगी खदखदून हसते आणि त्याला लाटणं देते. त्याचा आवाज एवढाच उरला होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले की आम्रपाली डबा उघडायची, कानात वायर घालायची आणि तो व्हिडिओ लावायची.

पाचवीतली मैत्री मागं लागायची, "मम्मी, पप्पांचा तो मिक्सरवाला व्हिडिओ आण ना. मला त्यांचा आवाज आठवत नाही." आम्रपाली म्हणायची, "आणते गं, पळून जातोय का तो?" एवढ्यात कस्टमर कंपनीचा नियम आला. ड्रॉइंग बाहेर जाता कामा नयेत म्हणून फोन गेटवर जमा व्हायला लागले, पेनड्राइव्ह लावायच्या सगळ्या जागा बुजवल्या, बाहेर मेल जाणं बंद झालं. कंपनीत शिरलेलं काहीच आता बाहेर पडेना. आम्रपालीनं एकदा भीतभीत परवानगी मागितली. साहेब म्हणाले, "ऑडिट होऊ द्या, मग बघू."

त्याच ऑडिटच्या आधी तिच्या पीसीतली जागा संपायला लागली.

आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. जुन्या रिपोर्टांच्या दुहेरी प्रती तिनं काढल्या, कचऱ्याची टोपली रिकामी केली. संध्याकाळी डिस्क चांगली मोकळी दिसली. सकाळी येऊन बघते तर परत भरलेली, आणि रिपोर्ट सेव्ह होत नाही. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. तिनं काही न टाकता जागा जात होती. पीसी बघायला बाहेरून येणारा जयसिंग आला, त्यानं अँटीव्हायरस फिरवला, फालतू फायली झाडल्या आणि म्हणाला, "ताई, मशीन चांगलंय. तुमचं सामानच जास्त झालंय." स्क्रीनवर त्यानंच चिकटवलेली चिठ्ठी होती, पीसी बंद करू नये. आम्रपालीनं कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "नेटवर्कचं असतं ते. तुम्हाला नाही कळायचं."

मंगळवारी साहेब तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"मॅडम, कस्टमर सोमवारी येतोय आणि तुमचा रिपोर्ट सेव्ह होत नाही?"

"साहेब, जागाच राहत नाही. कालच मोकळी केली होती."

"मग जाते कुठं? उंदीर खातात?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. जयसिंग तिथंच होता. त्यानं तिच्या हातातून माउस घेतला. "हे बघा ना साहेब. मॅडमचं घरचं. व्हिडिओच व्हिडिओ."

"कंपनीच्या मशीनवर फॅमिली अल्बम! काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"साहेब, माझे मिस्टर आहेत त्यात. एकदा फक्त पेनड्राइव्हवर घेऊ द्या, तुम्ही उभे राहा हवं तर."

"ऑडिटच्या तोंडावर पोर्ट उघडू? तुमच्या एका व्हिडिओसाठी एवढ्या लोकांची रोजीरोटी घालवू?"

एवढ्या लोकांत ती स्वतःही होती, मैत्रीची शाळाही होती. तिनं फोल्डर निवडला. कायमचं काढायचं का, असं पीसीनं तरी एकदा विचारलं.

साहेब गेल्यावर जयसिंग हळू आवाजात म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तर परत काढता येतं. ऑडिट झालं की बघतो." या आशेवर तिनं त्या दिवशी पीसीवर काहीच सेव्ह केलं नाही. रिपोर्ट कागदावर लिहून ठेवले.

बुधवारी सकाळी डिस्क भरलेली होती.

त्या संध्याकाळी तिनं पुन्हा थोड्या जुन्या प्रती काढून जागा केली, घरी निघताना चिठ्ठी फाडली आणि पीसी बंद केला. तिचं डोकं फिरलं होतं. गुरुवारी कारखान्याची सुट्टी. शुक्रवारी येऊन सुरू केला, तर निघताना जेवढी जागा होती तेवढीच होती. ती आकड्याकडं बघत होती तोच साहेब तरातरा आले.

"परवा पीसी कुणी बंद केला? काल दिवसभर मला फोनवर ऑफिस दिसलं नाही!"

"दिसलं नाही म्हणजे?"

साहेबांची नजर छताकडं गेली. आम्रपालीनं मान वर केली. तिच्या डोक्यामागं, छताच्या कोपऱ्यात, कॅमेरा होता. तो बंद आहे असं सगळ्यांना सांगितलेलं होतं.

जयसिंगला बोलावलं. तो तिच्याकडं न बघता बोलत होता. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची डिस्क जळाली होती. नवी येईपर्यंत सगळं चित्रण तिच्या पीसीवर, लपवलेल्या फोल्डरमध्ये वळवलं होतं. जागा मोकळी दिसली की ते तिथं भरत राहायचं.

"मग त्या दिवशी माझं घरचं का दाखवलंस?" तिनं विचारलं.

"साहेब म्हणले होते, स्टाफला सांगायचं नाही."

"कॅमेरा सगळ्यांच्या सेफ्टीसाठी असतो, मॅडम," साहेब म्हणाले. "यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?"

जयसिंगनं फायली परत आणायचा प्रोग्रॅम चालवला. फायलींची नावं आली, 'मिक्सर' हे नावसुद्धा आलं. उघडलं तर काळी चौकट. नागसेन होता तिथं मंगळवारच्या एका रात्रीत रिकाम्या ऑफिसचं चित्रण लिहिलं गेलं होतं.

मग तो लपवलेला फोल्डर तिनं उघडला. तिची पाठ, तिचा अंबाडा, तिचा डबा. आणि जेवणाच्या सुट्टीच्या एका तुकड्यात, तिच्या खांद्यावरून, तिच्या स्क्रीनवर नखाएवढा नागसेन वाकून पान्याकडं हात करत होता. आवाज नव्हता. त्या कॅमेऱ्याला कानच नव्हते.

"साहेब, एवढा तुकडा द्या."

साहेबांनी चष्मा लावून बघितलं, अगदी नीट बघितलं. "टेबलावर कस्टमरचं ड्रॉइंग उघडं पडलंय, दिसतंय का? हे बाहेर नाही जाऊ शकत. आणि जयसिंग, हे सगळं साफ कर आता. सोमवारी कस्टमरला दिसायला नको."

जयसिंगनं साफ केलं. नवी डिस्क दुपारीच आली आणि रेकॉर्डरमध्ये बसली.

दापोडीला उतरून ती घरी पोचली तेव्हा मैत्री अभ्यासाला बसली होती. खोटं सांगायचं आम्रपालीनं बसमध्ये ठरवलं होतं, पण पोरीनं वर बघितलं आणि तिच्यानं ते होईना. तिनं सगळं सांगितलं.

"तुला माहीत होतं, तेवढा एकच आहे?" शेवटी मैत्रीनं विचारलं.

"हो."

"तरी काढलास?"

"नोकरी गेली असती, बाळा."

"मला एकदा तरी दाखवायचा होतास. शाळा बुडवून आले असते मी गेटवर."

हे आम्रपालीला इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी गेटवरून आत सोडलं नसतं, असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही.

"उद्या जाणारेस कामाला?"

"जावं लागेल. सोमवारी ऑडिट आहे."

मैत्रीनं पुस्तक मिटलं, भिंतीकडं तोंड करून आडवी झाली आणि आम्रपालीनं पाठीवर ठेवलेला हात तिनं बाजूला केला.