भडांगेभाऊंचा आवाज

फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलची बॅच घेत होते. वर्गात मोबाइल उचलायचा नाही हा नियम माझाच, पण पडद्यावर भडांगेभाऊंच्या बायकोचं, सुशीलावहिनींचं नाव दिसलं आणि वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मुलांना काम सुरू ठेवायला सांगून मी व्हरांड्यात आले. "ताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "कुठे?" असं विचारलं. खरंच विचारलं... कारण भाऊ कायम कुठेतरी गेलेलेच असायचे. अचलपूर, दर्यापूर, धारणी. घरी असण्यापेक्षा नसण्याचीच आम्हाला सवय. पलीकडून वहिनींचा हुंदका आला आणि मग कळलं. सकाळचा चहा झाल्यावर अकोल्याच्या घरासमोर खुर्ची टाकून बसले होते. शेजाऱ्याने हाक मारली, यांनी ओ दिली नाही. हाकेला ओ न देणारे भाऊ म्हणजे काय, ते शेजाऱ्यालाही लगेच समजलं.

रामकृष्ण भडांगे हे नाव आमच्या भागातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल, पण त्यांचा आवाज ठाऊक असेल. उन्हाळ्यात बारावीच्या परीक्षा आटोपल्या की जीपवर भोंगा बांधून तो आवाज गावोगाव फिरायचा. ज्या शिक्षणसंस्थेसाठी फिरायचा तिचं नाव मी इथे लिहीत नाही. मी अजून तिथेच शिकवते. अमरावतीत इंजिनिअरिंग, फार्मसी आणि मॅनेजमेंट, नंतर अकोल्यात नर्सिंग, असा तिचा पसारा. भाऊ तिथे प्रवेश-प्रचाराचे प्रमुख होते. मूळ घर अकोटकडचं, भाजी आणि झेंडू पिकवणाऱ्यांचं. कॉलेज शिकता शिकता पहाटे बाजारात उभं राहून वांगी-मेथी पुकारायचे. तिथेच हा गळा तयार झाला असं ते हसत सांगायचे. आम्हा प्राध्यापकांना दर उन्हाळ्यात प्रवेशाच्या कामाला जुंपत, आणि मी बहुतेक वेळा भाऊंच्या गाडीत असायचे. माहितीपत्रकं मागच्या सीटवर पडून राहायची. भाऊ बाजेवर बसून आधी संत्र्याच्या बहाराची चौकशी करणार, विहिरीला पाणी किती ते विचारणार आणि मग पोराकडे वळणार. एकदा चांदूर बाजारजवळ एका बापाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "याले गणित पाहूनच घाम फुटून राहिला, तुमी काहून इंजिनिअर करता याले? याले दुसरं काई आवडते का ते तरी विचारा." आमच्या संस्थेचा एक प्रवेश गेला. मी गाडीत म्हटलं, सचिवसाहेबांना कळलं तर? भाऊ म्हणाले, "मॅडम, मी विकतो. पन सडकी वांगी मी बाजारातई नोती विकली." त्यांचं काम विकायचंच होतं, ते त्यांनी कधी झाकलं नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांना इतकं लागलं.

अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजचं ते पहिलं वर्ष होतं. इमारत नवी, रंगाचा वास अजून जायचा होता. बैठकीत संस्थेच्या सचिवांनी सांगितलं होतं, मान्यता आलीच समजा. भाऊंनी त्यातलं 'आलीच' ऐकलं, 'समजा' ऐकलं नाही. जीप घेऊन आम्ही मेळघाट चढलो. सेमाडोहच्या पुढे एका पाड्यावर सोमाजी बेठेकर नावाच्या कोरकू गृहस्थाच्या अंगणात बसलो. त्यांची मुलगी फुलवंती बारावी सायन्स झालेली, दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. मामाकडून स्थळ आलेलं होतं, घरात त्याचीच बोलणी चालली होती. भाऊंनी आपला सगळा जोर लावला. दवाखाना, पगार, पांढरा गणवेश, गावातल्या बायांना बाळंतपणात होणारा उपयोग... शेवटी सोमाजींनी एकच विचारलं, "सरकार का ठप्पा पक्का है ना, साहेब?" भाऊ म्हणाले, "पक्का. माह्या शब्दावर पाठवा पोरीले." दारामागे बांगड्या वाजल्या. परतताना घाट उतरेपर्यंत भाऊ खुशीत होते.

विद्यापीठाचे परीक्षा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा उघड झालं की या मुलींची नावं विद्यापीठाच्या लेखी नव्हतीच. मान्यता आलेली नव्हती, आणि त्या वर्षापुरती ती येणारही नव्हती. मुलींनी वर्षभर वर्ग केले, वॉर्डात उभ्या राहिल्या, आणि कागदोपत्री त्या कुठेच शिकत नव्हत्या. बातमी हॉस्टेलमधून घरोघर पोचली आणि पालक अकोल्याला धडकले. त्या सकाळी सचिवांनी भाऊंना आणि मला अमरावतीहून धाडलं. कामाचे शब्द मोजके होते : पालकांना शांत करा, कबूल काही करू नका. बोरगावच्या पुढे सचिवांचा फोन आला. पुढच्या दाराशी गर्दी आहे, मागच्या दाराने आत जा. ड्रायव्हरने गाडी वळवायला घेतली. भाऊ म्हणाले, "समोरच थांबव."

ते उतरले आणि लोकांनी त्यांना घेरलं. हाच तो, हाच आला होता आमच्या घरी, असा गलका झाला. बाळापूरकडच्या एका बापाने त्यांची कॉलर धरली. शर्टाचं वरचं बटण तुटून गेलं. "जेवला होता तू माह्या घरी! पोट्टीचं वर्ष कोन भरून देते आता?" मी गाडीच्या दारालाच उभी होते. चौकीदाराने पोलिसांना बोलावू का म्हणून विचारलं. भाऊंनी हातानेच नको म्हटलं. कॉलर सोडवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. "मले माहीत नोतं," ते म्हणाले. आवाज फुटलेला होता. "पन तोंड माहंच होतं. तुमाले दुसरं कोनी सांगतलं नाई, मीच सांगतलं. मारायचं तर मारा, मंग बसून बोलू." त्या माणसाने कॉलर सोडली आणि तो स्वतःच रडायला लागला. गर्दीच्या कडेला सोमाजी बेठेकर फुलवंतीची लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन उभे होते. मागे फुलवंती. तिने भाऊंकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, घरी गेली तर परत नाही येता येणार मला. तुम्ही सांगा, जाऊ का?" भाऊ सोमाजींच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "पोरीले नेऊ नका. दुसऱ्या कॉलेजात बसवून देतो. मान्यता असलेल्या. तोवर हॉस्टेल सोडू देऊ नका." सोमाजींनी पेटी खाली ठेवली. शब्दावर विश्वास म्हणून नव्हे. घरी नेऊन तरी काय सांगायचं, ते त्यांनाही सुचत नव्हतं, असं मला वाटलं. त्यांनी भाऊंकडे पाहिलंसुद्धा नाही.

नंतरचे काही आठवडे भाऊ विद्यापीठाच्या आणि नर्सिंग परिषदेच्या पायऱ्या झिजवत राहिले. मार्ग होता. शेजारच्या जिल्ह्यातलं एक जुनं कॉलेज मुलींना नव्याने पहिल्या वर्षात घ्यायला तयार होतं. वर्ष जाणार होतं, पण पुढचं शिक्षण खरं होणार होतं. फक्त आमच्या संस्थेने चूक मान्य करून मुलींना सोडायचं होतं आणि नवा खर्च उचलायचा होता. सचिव नाही म्हणत नव्हते. पाहू म्हणत होते. प्रवेशाचा हंगाम जाऊ द्या, आत्ता बोभाटा झाला तर सगळ्या कॉलेजांवर पाणी पडेल, असं म्हणत होते. भाऊंना त्यांनी पदोन्नतीचंही सुचवलं. तिकडे हॉस्टेलमधून एकेक मुलगी घरी जात होती. संध्याकाळी फुलवंतीचा फोन येई, आज ही गेली, आज ती गेली... भाऊ ऐकून घेत आणि फोन ठेवल्यावर तोंड धुऊन येत.

मग अमरावतीचा प्रवेश मेळावा आला. भाऊंशिवाय मेळावा कधी झाला नव्हता. मोठा हॉल, पालकांनी भरलेला. रिद्धपूर, मोर्शी, तिवस्याकडून लोक आले होते. पहिल्या रांगेत सचिव आणि पाहुणे. मी मंचाच्या बाजूला, चौकशीच्या टेबलाशी. निवेदिकेने भाऊंचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. ते माईकसमोर येऊन उभे राहिले आणि बोललेच नाहीत.

आधी लोकांना वाटलं, टाळ्या थांबायची वाट पाहताहेत. टाळ्या थांबल्या. तरी ते गप्प. कोणीतरी मागून ओरडलं, "माईक बंद हाय!" भाऊंनी बोटाने माईकवर टिचकी मारली. टक्क असा आवाज हॉलभर घुमला. माईक सुरू होता. कुठेतरी हसू फुटलं आणि लगेच विरलं. पंख्यांचा घरघराट ऐकू यायला लागला. मला वाटलं, यांना काही होतंय, छातीत दुखतंय की काय, मी उठलेसुद्धा. पण त्यांची नजर सचिवांवर होती, आणि ती हलत नव्हती. सचिवांनी आधी हसून मान हलवली, मग हाताने बोला अशी खूण केली, मग त्यांचा चेहरा उतरला. एक कारकून मंचावर चढून माईक घ्यायला गेला. भाऊंनी दांडी सोडली नाही. पालक आता एकमेकांना विचारायला लागले होते, काय भानगड आहे? शेवटी सचिवच उठून मंचावर गेले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"काय चालवलंय हे, भडांगे?"

"तुमी सांगा पोरींचं. मंग मी बोलतो."

"इथे?"

"इथंच."

सचिवांनी हॉलकडे पाहिलं. माना उंच करून सगळे त्यांच्याचकडे बघत होते. कोपऱ्यात स्थानिक पेपरचा एक वार्ताहर उठून पुढे येत होता. सचिवांनी माईक हातात घेतला आणि घसा साफ करून सांगितलं की अकोल्याच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना संस्था स्वखर्चाने मान्यताप्राप्त महाविद्यालयात पाठवत आहे, याच महिन्यात. अर्ध्या हॉलला संदर्भ कळला नाही. कोणी कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग भाऊ बोलले. शब्द दिला होता म्हणून बोलले. फार्मसीबद्दल, इंजिनिअरिंगबद्दल, जे खरं होतं ते सगळं, नेहमीच्याच खणखणीत आवाजात. शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी म्हणाले, "अकोल्याच्या नर्सिंगले यंदा कोनी जाऊ नका. मान्यता नाई." आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा करून खाली उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली. कारण काय दाखवलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. उरलेल्या मुली नव्या कॉलेजात गेल्या, पण ज्या आधीच घरी गेल्या होत्या त्यातल्या काहींची लग्नं होऊन गेली होती. भाऊ त्यांच्याही घरी गेले. दोन ठिकाणी दार उघडलं नाही. फुलवंतीला नव्या हॉस्टेलला पोचवायला गेले तेव्हा सोमाजी पेटी घेऊन आलेले होते. भाऊंनी पुढे होऊन हात जोडले. सोमाजींनी पेटी ठेवली आणि पाठ फिरवून चालू लागले. मी चिडले. मुलीचं तर झालं ना शेवटी! भाऊ म्हणाले, "नाई मॅडम. त्याचं बरोबर हाय." फुलवंती आज नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. भाऊंच्या तेराव्याला ती आली, वहिनींच्या शेजारी बसून राहिली. सोमाजी आले नाहीत.

मागच्या रविवारी मी अकोल्याला वहिनींकडे गेले होते. नोकरी गेल्यावर भाऊंनी घराची पुढची खोली पालकांसाठी मोकळी करून ठेवली होती. पाटी नाही, फी नाही. कोणत्या कॉलेजचं काय खरं, काय नुसतं माहितीपत्रकातलं, ते विचारायला लोक यायचे. एक लाकडी बाक, दोन खुर्च्या, खिडकीत तांब्या-भांडं. वहिनींनी खोली तशीच झाडून ठेवली होती. आम्ही आत चहा घेत होतो तेवढ्यात दार वाजलं. पातूरकडून एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आले होते. "भडांगेभाऊ हाय का? पोरीले फार्मसीचं विचारायचं होतं." त्यांना कळलेलंच नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "ते नाईत आता. पन ताई हायेत, बसा."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. गृहस्थांनी विचारलं ते नेमकं आमच्याच कॉलेजबद्दल. फार्मसी कशी आहे, प्रयोगशाळा आहे का, नोकरी लागते का. वहिनी आतल्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी सांगितलं, मी तिथेच शिकवते. प्रयोगशाळा चांगली आहे. दोन विषयांना सध्या शिक्षक नाहीत, आणि नोकऱ्यांचं जाहिरातीत लिहितात तेवढं नसतं. आधी जाऊन पाहा, तिथल्या मुलींशी बोला, मग ठरवा. मुलगी बराच वेळ एकेक विचारत राहिली. माझ्या आवाजाला जमेल तसं मी सांगत राहिले.

ती दोघं निघाली तेव्हा वहिनींनी पायांत चपला सरकवल्या. मी म्हटलं, तुम्ही कुठे? "हे कोपऱ्यापर्यंत पोचवून यायचे सगळ्यांले," त्या म्हणाल्या. "आटो मिळते का नाई ते पाहायचे." पदर सारखा करून त्या बापलेकीच्या पुढे झाल्या आणि उन्हातून चालू लागल्या.