जेपाळ

धुळ्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. त्या सुट्टीत भावाकडे, एरंडोलजवळच्या आमच्या गावी गेले होते. परतल्यावर एका चर्चासत्रात 'निघंटू' या शब्दावर बोलायचं होतं, म्हणून सकाळी ओट्यावर कागद घेऊन बसले होते. वहिनी तांदूळ निवडत शेजारी बसली.

"ताई, निघंटू म्हणजे काय हो?"

मी सांगितलं, वेदातल्या अवघड शब्दांची एक जुनी यादी आहे, तिचं हे नाव. पुढे वैद्यांनी वनस्पतींच्या नावांचे कोश केले, त्यांनाही निघंटूच म्हणू लागले. एकेका झाडाची पाच-सहा नावं त्यात एकापुढे एक मांडलेली असतात.

सहा वर्षांची भाची ऐकत होती. "निघंटू म्हणजे निघ तू!" म्हणत ती अंगणात पळाली. आम्ही हसलो.

दुपारी ती कुंपणाकडून पोट धरून आली आणि दारातच ओकली. मग थांबेचना. पाणी दिलं तर पाणीही उलटून पडलं. तिचे ओठ पांढरे पडले. माझी आई, जिला गावात सगळे अक्का म्हणतात, तिने भाचीची मूठ उघडली. आत काळ्या बीचं फुटकं टरफल होतं.

"जेपाळ खादं व्हई पोरनी," आई म्हणाली. "कुंपनजोडे खेळी राहिंती."

भावाने शेजाऱ्यांची गाडी काढली. आई घरी थांबली. वहिनीच्या मांडीवर पोर अर्धवट डोळे मिटून पडली होती. मी तिचा तळपाय हातात धरून होते. तो गार लागत होता, आणि ते वहिनीला कळू नये म्हणून मी तो पदराखाली झाकला.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "काय खाल्लं?"

"जेपाळ," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. "जमालगोटा? नक्की?"

जेपाळ म्हणजे जमालगोटा, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. पण काही ठिकाणी कुंपणाच्या मोगली एरंडालाही जेपाळच म्हणतात, हेही वाचलं होतं. जमालगोट्याचं विष जास्त जहाल, मोगली एरंडाचं कमी. आमच्या गावात जेपाळ म्हणजे कोणतं, ते मला माहीत नव्हतं. सकाळी मी कौतुकाने लिहिलं होतं की एका नावाखाली दोन झाडं नांदतात. आता त्या वाक्याची लाज वाटली.

"नाव राहू द्या," बाई म्हणाल्या. "झाडाचा फोटो मागवा. तोवर आम्ही सलाईन लावतो."

मी आईला फोन केला.

"आई, जेपाळ म्हणजे कोणतं गं? जमालगोटा का?"

"माले काय माहीत तुना जमालगोटा! मी बठ्ठा जनम त्याले जेपाळच म्हनस." आणि ती रडायला लागली. आईला रडताना मी फारसं पाहिलेलं नाही. मी अजूनच घाबरले.

मग शेजारणीला फोन केला, तिने त्या झाडाचा फोटो पाठवला. तो उघडेपर्यंत पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. आत वहिनीचा आवाज येत होता, "डोळे उघड गं, राणी, उघड ना." भाऊ भिंतीला टेकून खाली बसला होता.

मग पानं दिसली. रुंद, एरंडासारखी, आणि हिरव्या फळांचा घोस. बाईंनी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला.

"मोगली एरंड. उन्हाळ्यात अशी बरीच मुलं येतात."

"म्हणजे धोका नाही ना?"

"असं आत्ताच म्हणणार नाही मी. उद्यापर्यंत इथेच ठेवू."

उलट्या संध्याकाळी थांबल्या. तरी तिचा श्वास जरा लांबला की वहिनी आणि मी एकदमच वाकून बघायचो. दुसऱ्या दिवशी तिने केळं मागितलं आणि बाईंनी चालेल म्हटल्यावर भाऊ धावतच खाली गेला.

भावाने ते कुंपण मुळासकट काढून काटेरी तार लावली. चर्चासत्रात मी बोलले, पण जेपाळाचं उदाहरण घेतलं नाही. अजूनही गावाहून अवेळी फोन आला की मी आधी भाची कशी आहे तेच विचारते.