तलावाकाठची सात पिल्लं

उमापूरकडच्या एका गावात दूध सोसायटीच्या डेअरीवर मी बरीच वर्षं दूध तपासायचं काम केलं. किटली समोर आली की दुधाच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचं, ही तिथली सवय. नोकरी संपली, आम्ही नवरा-बायको बीडला राहायला आलो, पण ती सवय काही सुटली नाही.

घरापासून चालत जाण्याजोगा एक तलाव होता आणि त्याच्या काठाला बाग. आमचे हे शाळामास्तर, पाखरांचं वेड त्यांना पहिल्यापासून. मुलीने त्यांना दुर्बीण घेऊन दिली आणि रोज सकाळी आमचं बागेत जाणं सुरू झालं. बाकावर बसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, एक दुर्बीण दोघांत फिरवायची.

त्या वर्षी पाऊस नावालाच झाला. दिवाळी उलटली तरी तलाव अर्धासुद्धा नव्हता. पाणी बागेच्या पायऱ्यांपासून पार आत सरकलेलं, मधे नुसता चिखल. पाखरांना दुसरीकडे कुठे पाणी नसल्याने सगळी तिथेच दाटीवाटीने गोळा झाली होती. शेकाटे, टिटव्या, बगळे आणि हळदी-कुंकू बदकाची एक मादी. तिच्या मागे सात पिल्लं.

चार दिवसांनी सहा झाली. मग पाच.

"कोणीतरी नेतंय," मी म्हणाले.

"अगं, गवतात असतील," हे म्हणाले.

त्याच सकाळी मला तो माणूस दिसला. पन्नाशीचा, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, खांद्यावर पोतं. चिखलातून वाकून चालत होता, मधेच हात घालून काहीतरी उचलत होता, पोत्यात टाकत होता. काठावर आला तेव्हा पोतं हलत होतं. आमच्याकडे बघून त्याने वाट बदलली.

मग मी बदकं सोडून त्यालाच दुर्बिणीत धरायला लागले. सलग तीन दिवस. पोतं घेऊन तो बागेच्या मागच्या बाजूला जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. चौथ्या दिवशी पिल्लं चारच उरली होती. मी उठले. हे "राहू दे, राहू दे" करत मागे आले.

"ओ दादा, पोत्यात काय आहे?"

"तुमी कोन विचारणार?" तो थांबला. "रोज दुर्बीण लावून बघताय. कोन धाडलंय तुमाला? ठेकेदारानं?"

"कोण ठेकेदार?"

"मासे न्यायला टपलेला! मी मच्छीमार सोसायटीचा राखणदार हाय. आमच्या चेअरमनला सांगून ठिवलंय, दोन मानसं रोज येत्यात, लई नजर ठिवत्यात म्हनून."

मला हसू आलं नाही. "ते जाऊ द्या. पोतं उघडा."

त्याने पोतं खाली ठेवून तोंड सोडलं. आत कासवं होती, चिखलाने माखलेली, पाय हलवणारी.

"पानी गेलं की ही चिखलात अडकत्यात. कुत्री फाडत्यात. मागं जुनी हीर हाय, तिच्यात सोडतो."

"विकत नाही कशावरून?"

"चला की मग."

आम्ही गेलो. त्याने पायऱ्या उतरून एकेक कासव पाण्यात सोडलं. ती बुडी मारून दिसेनाशी झाली. सगळी सोडली हे मी मोजून घेतलं. तरीही घरी येताना मनात होतंच, हे आपल्यासमोर केलं, कालची कुठे गेली?

"तुला देव भेटला तरी आधार कार्ड मागशील," हे वैतागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच जाऊन बसले. राखी बगळा उथळ पाण्यात खांबासारखा उभा होता. बदकाची मादी पिल्लं घेऊन त्याच्या बाजूने गेली. बगळ्याची मान एकदाच हलली. सगळ्यात मागचं पिल्लू चोचीत होतं, मग गळ्यातून खाली गेलं. मादी वळून ओरडत राहिली, आणि तो तिथेच तसाच उभा राहिला. हे थर्मास घेऊन आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्या दिवशी चहा तसाच परत नेला.

राखणदाराला मी जाऊन म्हणाले, "दादा, माझं चुकलं."

"माझं बी," तो म्हणाला. "पर तुमी काहून बघताय रोज, ते मला अजून कळलं न्हाई."

त्यानंतर तो येता-जाता बाकाशी थांबायला लागला, पण पोतं मात्र लांब ठेवून.

थंडी सरता सरता मला ताप आला आणि आठवडाभर जाणं झालं नाही. परत गेलो तेव्हा तलावातल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या जागी भेगा पडल्या होत्या. बदकं नव्हती.

"उडून गेली, मावशी," राखणदार म्हणाला. "परवा सकाळी. आई अन् तिन्ही पिल्लं."

"तिन्ही? तुम्ही बघितली?"

"बघितली की."

"कोणत्या बाजूला गेली?"

तो क्षणभर थांबला आणि मग त्याने पूर्वेकडे हात केला. हे खूश झाले, त्याचा हात धरून हलवला. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने खरंच बघितलं की आजारातून उठलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.